दाताचे गुरुजी आणि दाताची देवी: एडवर्ड अँगलच्या शाळेपासून शोधग्रामपर्यंत



सुरुवात एका छोट्या कृतीनं करू या. ऐकताना किंवा वाचताना जिथं बसला असाल तिथंच करा. हाताची मधली तीन बोटं एकमेकांना चिकटवा, हात आडवा धरा, म्हणजे बोटं एकावर एक येतील. आता तोंड पूर्ण उघडा आणि ही तीन बोटं वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या मध्ये बसतात का पाहा. बहुतेकांची बसतील. ज्यांची बसली त्यांनी पुढं ऐकावं. ज्यांची बसली नाहीत त्यांनीही ऐकावं, पण उद्या सकाळी दंतवैद्याकडे जावं.

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत आज असे तरुण भेटतात की ज्यांच्या तोंडात दोन बोटंही मुश्किलीनं जातात. भाकरीचा मोठा घास घेता येत नाही, तिखट सोसत नाही, जांभई देतानाही गाल ओढल्यासारखे होतात. वय विचारलं तर कुणी पंचवीस सांगतो, कुणी तीस. आणि खिशात पन्नीत घोटलेला खर्रा असतो. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकवर घोटून दिलेली ही पुडी आपल्या झाडीपट्टीत कुठल्याही चौकात मिळते. पाहुण्याला पाणी विचारावं तसा खर्रा विचारतात.

आता तुम्ही म्हणाल, आजचा विषय तर दंतशिक्षणाचा इतिहास आहे आणि त्यातही एका अमेरिकन गुरुजींची कारकीर्द. त्याचा खर्ऱ्याशी काय संबंध? आम्हालाही आधी वाटलं नव्हतं की काही असेल. तयारी करत गेलो तसा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आला: दातांचं ज्ञान कुणी कुणाला शिकवलं, आणि शिकलेला माणूस मग कुठं जाऊन बसला? आज याच प्रश्नाचा धागा धरून आपण अमेरिकेतल्या सेंट लुईसपासून निघू आणि धानोरा रस्त्यावरच्या शोधग्रामला पोचू.

मेंढ्या मेल्या आणि दातांकडे परतला

एडवर्ड हार्टली अँगल. जन्म १ जून १८५५, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या हेरिक गावचा. शेतकरी कुटुंब. अभ्यासात फार रमणारा मुलगा नव्हता, पण हातात कसब होतं. लोखंड, तार, अवजारं यांच्याशी खेळणं आवडायचं. १८७८ साली तो फिलाडेल्फियाच्या दंत महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडला आणि टोवांडा नावाच्या लहान गावात त्यानं दवाखाना थाटला.

पुढं प्रकृतीमुळं त्याला हवापालट करावा लागला. तो पश्चिमेकडे गेला, आणि १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं मोंटाना भागात चक्क मेंढ्या पाळायचा धंदा केला. तिथल्या भयंकर हिवाळ्यात कळप गेला आणि भांडवलही गेलं. माणूस पुन्हा दातांकडे परतला. आमच्या मते हा प्रसंग लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण एखाद्या विद्येचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात तो पहिल्यापासून तेजस्वी वगैरे नव्हता. तो बुडालेला मेंढपाळ होता.

मिनियापोलिसला आल्यावर मात्र त्यानं एकाच गोष्टीचा ध्यास घेतला: वेडेवाकडे दात सरळ कसे करायचे. तेव्हा हे काम दंतवैद्य जाता जाता करायचे. दात काढायचे, भरायचे, कवळी बसवायची, आणि कुणी हट्टच धरला तर दात थोडे सरकवून द्यायचे. प्रत्येकाचं उपकरण वेगळं, प्रत्येकाची पद्धत वेगळी. सोनाराकडे जाऊन प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवा दागिना घडवावा, तसा प्रकार. अँगलनं मळसूत्र, पट्टी, नळी, तार असे मोजके ठरीव भाग तयार केले आणि तेच जोडून बहुतेक काम भागवता येतं हे दाखवलं. १८८७ साली वॉशिंग्टनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत त्यानं हे मांडलं. जुन्या मंडळींना ते आवडलं नाही. टीका झाली, वाद झाला. अँगलचा स्वभाव मुळातच वाद मिटवणाऱ्याचा नव्हता.

सहाव्या वर्षी येणारी दाढ

आज जगातला कुठलाही दंतवैद्य, मग तो नागपूरचा असो की नैरोबीचा, अँगलचं एक वाक्य तरी वापरतोच. रुग्णाच्या कागदावर तो लिहितो: क्लास वन, क्लास टू, क्लास थ्री. ही विभागणी अँगलनं १८९९ साली 'डेंटल कॉस्मॉस' या नियतकालिकात मांडली.

विचार साधा होता. मूल साधारण सहा वर्षांचं झालं की दुधाच्या दातांच्या मागं पहिली कायमची दाढ येते. वरची पहिली दाढ अँगलनं खुंटीसारखी धरली. खालची दाढ तिच्याशी नीट बसते का? बसत असेल आणि तरी पुढचे दात वाकडे असतील तर पहिला वर्ग. खालची दाढ मागं राहिली असेल तर दुसरा. पुढं गेली असेल तर तिसरा. झालं! शेकडो प्रकारची वाकडी तोंडं तीन कप्प्यांत बसली. शिकवायला सोपं, लक्षात ठेवायला सोपं, एकानं लिहिलेलं दुसऱ्याला कळायला सोपं.

सोपेपणाची ही ताकद आपण कमी लेखू नये. ज्ञान पसरतं तेव्हा बहुतेक वेळा त्याला अशी एक खुंटी सापडलेली असते. आपण सुरुवातीला तीन बोटांची जी कृती केली तीही अशीच एक खुंटी आहे. तिच्याकडे आपण परत येऊ.

या ठिकाणी एक क्षण आपल्या भागाकडे पाहू. अँगलचा तो निबंध छापला गेला त्या १८९९-१९०० च्या काळात मध्य प्रांतात मोठा दुष्काळ होता. आपला चांदा जिल्हा, ज्यात तेव्हा आजचं गडचिरोलीही होतं, त्यात होरपळत होता. दात वाकडे की सरळ हा प्रश्न इथं कुणाला पडलेला नव्हता, दाताखाली काही पडेल का हा होता. इतिहासात एकाच वर्षी घडलेल्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की कुणाचं ज्ञान कुणासाठी जन्मलं ते दिसायला लागतं. यात अँगलचा दोष नाही. त्याच्या समोरच्या खुर्चीत जो बसला होता, त्याच्यासाठी तो विचार करत होता.

विद्यापीठांशी भांडण, म्हणून स्वतःची शाळा

आता त्याच्या कारकिर्दीतली आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. अँगलनं मिनेसोटा विद्यापीठात शिकवलं, शिकागोच्या नॉर्थवेस्टर्नमध्ये शिकवलं, सेंट लुईसला मॅरियन-सिम्स आणि वॉशिंग्टन विद्यापीठात शिकवलं. सगळीकडे एकच तक्रार. या विषयाला वेगळा वेळ द्या, वेगळं खातं द्या, इथं चार तास शिकवून काही होत नाही. विद्यापीठं ऐकेनात. दंतवैद्यकाच्या अभ्यासक्रमात हा विषय कोपऱ्यातच राहिला.

शेवटी १९०० साली त्यानं सेंट लुईसला स्वतःचीच शाळा काढली, 'अँगल स्कूल ऑफ ऑर्थोडोन्शिया'. मोठी इमारत नाही, वसतिगृह नाही. मोजके विद्यार्थी, आणि तेही आधीच पदवीधर दंतवैद्य. सुरुवातीला अभ्यासक्रम काही आठवड्यांचा. अट मात्र कडक: इथून शिकून गेलात की फक्त हेच काम करायचं, बाकीची दंतवैद्यकी सोडायची. म्हणजे दात काढणं, भरणं, कवळ्या सगळं बंद. अनेकांना ही अट वेडेपणाची वाटली. नुसते वाकडे दात सरळ करून पोट भरेल का? पण जे टिकले ते टिकले. १९०१ साली या विषयाची संघटना स्थापन झाली, अँगल तिचा पहिला अध्यक्ष. १९०७ साली या विषयाला वाहिलेलं नियतकालिक निघालं. दंतवैद्यकाची पहिली स्वतंत्र विशेष शाखा अशी उभी राहिली.

या शाळेत शिकवायचे काय? शरीररचना, ऊतींचा अभ्यास, नाकाचे विकार, प्राण्यांच्या जबड्यांची तुलना. आणि एक विषय असा की ऐकून आश्चर्य वाटेल: चित्रकला. एडमंड वुर्पेल नावाचे सेंट लुईसचे चित्रकार तिथं चेहऱ्याच्या सौंदर्यावर व्याख्यान द्यायचे. अँगलच्या मनात आधी अपोलोच्या ग्रीक पुतळ्याचा चेहरा आदर्श म्हणून बसलेला होता. वुर्पेलनं त्याला सांगितलं की सगळ्या माणसांना एकच आदर्श चेहरा लावता येत नाही. गोंड, माडिया, तेली, कुणबी, बंगाली, तेलुगू अशा किती तरी चेहऱ्यांच्या आपल्या जिल्ह्यांतल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पण ग्रीक पुतळ्याच्या प्रेमात असलेल्या एका हट्टी माणसानं ते एका चित्रकाराकडून ऐकून घेतलं, आणि पुस्तकात तसं मान्यही केलं, हे विशेष.

या शाळेमागं आणखी एक व्यक्ती होती. ॲना हॉपकिन्स. ती अँगलची सचिव होती. तिनं आयोवा विद्यापीठातून १९०२ साली दंतवैद्यकाची पदवी घेतली, १९०८ साली दोघांचं लग्न झालं. वर्ग लावणं, पत्रव्यवहार, हस्तलिखितं, भांडलेल्या विद्यार्थ्यांची समजूत काढणं, सगळं तिच्याकडे. विद्यार्थी तिला 'मदर अँगल' म्हणायचे. आयोवा हे नाव लक्षात असू द्या, थोड्याच वेळात ते भारतात येणार आहे.

गुरूनं दात काढू दिले नाहीत, चेल्यांनी काढले

अँगलचा एक सिद्धांत होता, आणि तो त्यानं धर्मासारखा पाळला. निसर्गानं बत्तीस दात दिलेत, तर बत्तीसच ठेवायचे. जबड्यात जागा नसेल तर तारांनी कमान रुंद करा, पण दात काढू नका. कॅल्विन केस नावाचा त्याचा समकालीन म्हणत होता की काही तोंडांत दात काढल्याशिवाय चेहरा बिघडतो. १९११ साली यावर मोठी जाहीर चकमक झाली. तेव्हा अँगलच्या बाजूची सरशी झाली.

पुढं अँगल कॅलिफोर्नियात पॅसाडेनाला गेला. १९२० च्या दशकात जुन्या विद्यार्थ्यांनी पैसे जमवून त्याच्यासाठी तिथं शाळेची इमारत उभी केली. म्हातारपणी त्यानं आपलं शेवटचं उपकरण सिद्ध केलं, चौकोनी तार आडवी बसवणारं 'एजवाइज'. आज मुलांच्या दातांवर जी चकचकीत चौकटी-तार दिसते तिचं मूळ तिथं आहे. ११ ऑगस्ट १९३० रोजी सांता मोनिकाला तो वारला. त्याच्या सगळ्या शाळांतून मिळून विद्यार्थी निघाले जेमतेम दोनशेच्या आसपास. आकडा लहान वाटेल. पण या दोनशे जणांनी जगभर खाती उघडली.

आणि त्यातल्याच दोघांनी गुरूला खोटं ठरवलं. अमेरिकेतला चार्ल्स ट्वीड अँगलचा अत्यंत निष्ठावंत शिष्य. त्यानं गुरूच्या पद्धतीनं एकही दात न काढता उपचार केले. मग स्वतःच्याच रुग्णांचे चेहरे पाहून तो अस्वस्थ झाला. ओठ पुढं आलेले, दात पुन्हा वाकडे झालेले. त्यानं त्याच रुग्णांना परत बोलावलं, उपदाढा काढून पुन्हा उपचार केले, आणि १९४० साली अशा शंभर रुग्णांचे आधीचे आणि नंतरचे पुरावे सहकाऱ्यांपुढं मांडून ठेवले. आपली चूक अशी टेबलावर मांडायला धैर्य लागतं.

दुसरा ऑस्ट्रेलियाचा रेमंड बेग. तो पॅसाडेनाला अँगलकडे शिकला आणि ॲडलेडला परतला. तिथं त्यानं ऑस्ट्रेलियाच्या मूळनिवासी लोकांचे दात आणि कवट्या पाहिल्या. चरबट, वाळू मिसळलेलं अन्न आयुष्यभर चावल्यामुळं त्यांचे दात वरून आणि बाजूनंही झिजलेले होते, त्यामुळं जबड्यात जागा होत जायची. बेगचं म्हणणं असं की शहरी माणूस मऊ अन्न खातो, दात झिजत नाहीत, म्हणून गर्दी होते, तेव्हा उपदाढा काढणं हे त्या न झालेल्या झिजेची भरपाई आहे. १९५४ साली त्यानं हा सिद्धांत प्रसिद्ध केला. त्यावर पुढं आक्षेपही आले. पण बेगची पद्धत भारतातल्या दंत महाविद्यालयांत अनेक वर्षं मुख्य पद्धत म्हणून शिकवली गेली.

इथं आम्हाला थांबावंसं वाटतं. मूळनिवासींच्या दातांवरून सिद्धांत बनला, तो पुस्तकात गेला, पुस्तकातून शहरातल्या मुलांच्या तोंडात तारा होऊन गेला. ज्यांचे दात पाहिले त्यांच्याकडे परत काय आलं? मूळनिवासी हा ज्ञानाचा नमुना झाला, विद्यार्थी झाला नाही. जंगलातल्या जिल्ह्यांना हा अनुभव अनोळखी नाही.

आयोवाहून कलकत्त्याला

ॲना ज्या आयोवात शिकली, तिथंच १९१५ साली एक बंगाली तरुण दंतवैद्य झाला. रफीउद्दीन अहमद, जन्म १८९०, पूर्व बंगालचा. पदवीनंतर त्यानं बॉस्टनच्या फोर्साइथ दवाखान्यात काम केलं. हा दवाखाना गरीब मुलांच्या दातांवर उपचार करण्यासाठी उभारलेला होता. १९१९ साली तो भारतात परतला आणि १९२० साली कलकत्त्याला त्यानं देशातलं पहिलं दंत महाविद्यालय काढलं. पैसा कुठून आणला? त्याचं 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाचं आइस्क्रीमचं दुकान होतं, त्यातून! लोकांना गोड खाऊ घालून दातांचं कॉलेज चालवलं, असं गमतीनं म्हणता येईल. पहिल्या तुकडीत ११ विद्यार्थी होते.

१९४९ साली अहमदांनी ते महाविद्यालय सरकारला देऊन टाकलं. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं, पुढच्याच वर्षी ते गेले. अँगलनं एका विषयाला कुंपण घालून तो वाढवला. अहमदांना कुंपण घालायला आधी जमीनच नव्हती, ती तयार करावी लागली. रस्त्याकडेला बसून चिमट्यानं दात उपटणाऱ्या माणसाच्या देशात, दात हा शिकून करायचा विषय आहे हेच आधी पटवायचं होतं.

मुंबईत १९३० च्या दशकात नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय आणि मग सरकारी दंत महाविद्यालय उभं राहिलं. १९४८ साली दंतवैद्यक कायदा झाला, १९४९ साली भारतीय दंत परिषद आली. १९६५ साली मुंबईच्या मंडळींच्या पुढाकारानं भारतीय ऑर्थोडॉन्टिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. एच. डी. मर्चंट तिचे पहिले अध्यक्ष. आणि १९६८ साली नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय सुरू झालं. आपल्या भागापुरती ही तारीख मोठी. चांद्याच्या पोराला दंतवैद्य व्हायला मुंबई गाठायची गरज उरली नाही. पुढं वर्ध्याजवळ सावंगीलाही दंत महाविद्यालय झालं.

पण नागपूरला शिकलेला दंतवैद्य बसला कुठं? नागपूरला, फार तर चंद्रपूरला. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. चौदा हजार चौरस किलोमीटरांहून मोठा जिल्हा, तीन चतुर्थांश जंगल, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या फक्त १० लाख ७२ हजार. सिरोंचाहून जिल्ह्याच्या गावी यायचं तर दोनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं. दंतवैद्याची खुर्ची, तिला लागणारी वीज, पाणी, हवेचा दाब, हे सगळं घेऊन तिथं कोण बसणार? अँगलची शाळा ज्या खुर्चीभोवती उभी राहिली, ती खुर्चीच इथं पोचत नव्हती.

तोंड बंद होतं म्हणजे काय होतं

आता तीन बोटांकडे परत येऊ. १९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरनं पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय बायकांची नोंद केली, ज्यांच्या तोंडातलं अस्तर कडक होत गेलं होतं. पुढच्याच वर्षी, १९५३ साली, आपल्याकडच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी या विकाराचं वर्णन केलं आणि त्याला 'सबम्युकस फायब्रोसिस' हे नाव दिलं. गालाच्या आतल्या मऊ कातडीखाली चिवट तंतू साचत जातात. मऊ कापड हळूहळू चामड्यासारखं व्हावं तसं. मग जबडा उघडत नाही. मुख्य कारण सुपारी. सुपारी सोडली तरी कडकपणा सहसा पूर्ण जात नाही, आणि त्यातल्या काहींना पुढं तोंडाचा कर्करोग होतो. नुसती सुपारीही, तंबाखूशिवाय, कर्करोग करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली जाहीर केलं. खर्ऱ्यात तर दोन्ही आहेत, वर चुना.

म्हणजे पाहा, अँगलच्या तीन वर्गांपैकी कुठल्याही वर्गात हे तोंड बसत नाही. दात सरळ असतील, दाढा नीट बसत असतील, पण तोंडच उघडत नसेल तर तार बसवायची कुठं?

या तोंडाचे गुरुजी वेगळे निघाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दंतसंशोधनाचा एक विभाग होता, डॉ. फली मेहता त्याचे प्रमुख. त्यांनी डेन्मार्कचे डॉ. पिंडबोर्ग आणि मुंबईचे सहकारी यांच्याबरोबर एक गोष्ट केली जी तोवर फारशी कुणी केलेली नव्हती. रुग्ण खुर्चीपर्यंत येण्याची वाट न पाहता दंतवैद्य घरोघर पाठवले. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडं त्यांनी तपासली. १९७२ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. एक लाख तोंडं, ओसरीवर, अंगणात, उजेडाकडे तोंड करून.

पुढचं पाऊल आणखी महत्त्वाचं. केरळमधलं एर्नाकुलम, गुजरातमधलं भावनगर आणि आंध्रातलं श्रीकाकुलम इथल्या ३६,००० तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्या लोकांना त्यांनी वर्षानुवर्षं समजावलं. श्रीकाकुलमला तर जळतं टोक तोंडात धरून चुट्टा ओढायची पद्धत! माणसाशी समोरासमोर बोलणं, चित्रपट, भित्तिपत्रकं, लोकनाट्य, सगळं वापरलं. १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: समजावल्यामुळं तंबाखू सोडणारे वाढतात, आणि तोंडात कर्करोगाच्या आधी येणारे पांढरे चट्टे कमी होतात. शिकवणं हाही उपचार आहे, असं म्हणायला इथं आकड्यांचा आधार मिळाला. विद्यार्थी मात्र बदलला होता. तो पदवीधर दंतवैद्य नव्हता; तो तंबाखू मळत बसलेला शेतकरी होता.

दाताची देवी

ज्या वर्षी तो निबंध आला, त्याच १९८६ साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत 'सर्च' संस्थेचं काम सुरू केलं. पुढं धानोरा रस्त्यावर शोधग्राम उभं राहिलं. तिथला दवाखाना आदिवासींना परका वाटू नये म्हणून झोपड्यांसारख्या खोल्या बांधल्या, नातेवाइकांना राहायला जागा ठेवली, आणि दवाखान्याला नाव दिलं माँ दंतेश्वरीचं. दंतेश्वरी ही बस्तरची देवी, इंद्रावतीपलीकडच्या दंतेवाड्याची. सतीचा दात जिथं पडला ते ठाण अशी श्रद्धा आहे. दाताच्या देवीच्या नावाचा दवाखाना आपल्या जंगलात आहे, आणि दंतशिक्षणाच्या इतिहासाचं भाषण तिथं येऊन थांबतं, हा योगायोग आम्हाला आवडला म्हणून सांगितला. तो दवाखाना काही दातांचा म्हणून उभा राहिलेला नाही.

महत्त्वाचं आहे ते तिथलं शिकवणं. गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. नवजात बाळाला न्यूमोनिया झाला आहे हे कसं ओळखायचं, श्वास कसे मोजायचे, ऊब कशी द्यायची, औषध कधी द्यायचं. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३९ गावांतले नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. तज्ज्ञ गावात आणता येत नसेल तर तज्ज्ञाकडचं नेमकं तेवढं ज्ञान गावातल्या माणसाच्या हातात द्या, हा त्यातला विचार.

व्यसनाच्या बाबतीत हाच विचार पुढं गेला. १९९३ साली लोकांच्या आंदोलनातून गडचिरोलीत दारूबंदी आली. २०१२ साली राज्यात गुटखाबंदी झाली. पण खर्रा हा कारखान्याचा माल नाही, टपरीवर घोटला जातो. गुटख्याच्या पुडीवर छापा घालणं सोपं, घोटणाऱ्या हातावर अवघड. २०१६ साली दारू आणि तंबाखू कमी करण्यासाठी 'मुक्तिपथ' हा जिल्हाव्यापी कार्यक्रम सुरू झाला: शासन, टाटा ट्रस्ट, सर्च आणि गावसंघटना यांचा मिळून. गावात खर्राविक्री बंदीचे ठराव, शाळांत मुलांशी बोलणं, व्यसन सोडणाऱ्यांसाठी उपचार. त्याच सुमारास, २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. राज्याच्या त्या सरासरीवरून गडचिरोलीच्या एखाद्या चौकाची कल्पना येणार नाही. तिथं उभं राहून पाहावं लागतं.

तर मग अँगलचं काय? तो आपल्या कामाचा नाही असं म्हणायचं आहे का? मुळीच नाही. त्याच्याकडून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, विषय कोपऱ्यात पडला असेल तर त्याच्यासाठी वेगळी शाळा काढावी लागते. विद्यापीठ वाट देईल म्हणून थांबून चालत नाही. दोन, कोणालाही पाठ होईल अशी सोपी खुंटी द्यावी लागते. त्याची खुंटी सहाव्या वर्षी येणारी दाढ होती. आपली तीन बोटं आहेत. या खुंटीला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, नदीचा पूर तिला अडवत नाही. आशाताईंना करता येते, शिक्षकाला करता येते, घरात आईला लेकाच्या बाबतीत करता येते. निदान दंतवैद्य करेल, पण त्याच्याकडे कुणाला पाठवायचं हे गावात ठरू शकतं.

आणि ट्वीडकडून तिसरी गोष्ट. आपण ज्यांना शिकवलं, ज्यांच्यावर उपचार केले, त्यांना परत बोलवून पाहायचं की खरंच बरं झालं का. जागृतीचे कार्यक्रम आपल्याकडे खूप होतात. फेरी निघते, घोषणा होतात, फोटो निघतात. वर्षानं त्याच वर्गातल्या त्याच मुलांची तीन बोटं पुन्हा कोण पाहतं? शिक्षण झालं की नाही हे त्यावरून कळेल.

आमचं एवढंच मागणं आहे. हे भाषण चंद्रपूर, मूल, सिंदेवाही, आरमोरी, अहेरी, एटापल्ली अशा कुठल्याही गावातल्या शिक्षकानं ऐकलं असेल, तर उद्या परिपाठानंतर पाच मिनिटं काढा. मुलांना तीन बोटांची कृती करायला सांगा. खेळ म्हणून करा, कुणाला लाजवू नका, नाव फळ्यावर लिहू नका. ज्याची बोटं बसत नाहीत त्याच्याशी नंतर एकटं बोला, आणि घरच्यांना सांगून त्याला जवळच्या ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवा. तारीख वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच तारखेला पुन्हा करा.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.